समोरच्या दाराची अट

खाला,

तुम्ही गेल्याचे मी ज्यांना कळवू शकले नव्हते, त्यांपैकी पहिला फोन कन्नडहून आला. दत्ताचा. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"ताई, मॅडमचं आज कळालं. मी रानात होतो, तिथंच बसलो," तो म्हणाला. मग, "आता आपल्या बिजलीचं कसं करायचं? तुम्ही नाय म्हणलात तरी मी वाईट मानणार नाय. पण सांगा. मला पुण्याला पोराकडं जायचंय, तिथं एकच खोली हाय."

तुमच्या या जुन्या विद्यार्थ्याची म्हातारी कुत्री, बिजली, माझ्या फ्लॅटसाठी आपण दोघींनी मिळून निवडली होती. पुढच्याच आठवड्यात तिला आणायचे ठरले होते. वर्षभराने मी संशोधनासाठी हैदराबादला गेले की ती समोरच्या दारात, तुमच्याकडे, राहणार होती. योजनेचा अर्धा भार असा तुमच्यावर होता आणि आता तुमच्या दाराला कुलूप आहे. मी दत्ताकडे दोन दिवस मागून घेतले. आयुष्यातले बहुतेक निर्णय मी माहिती गोळा करून, पर्याय मांडून, शांतपणे घेतले आहेत. हा निर्णय घ्यायला बसले, तर समोर माहितीऐवजी तुम्हीच येऊन बसलात.

आपले पहिले बोलणे आठवते? तुमच्याकडे दही मागायला आले होते आणि सहज म्हणाले, की मी कुत्रा आणायचा विचार करते आहे. तुम्ही वाटी तशीच हातात धरून ठेवलीत.

"कशासाठी?"

मी सांगितले, की प्राण्यांच्या सहवासात ताण कमी होतो, माणूस नियमित चालतो, रक्तदाबावर चांगला परिणाम होतो.

"हे तर औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवलंस, बेटा. तुला कशासाठी पाहिजे, ते विचारतेय."

मी वाटीसाठी हात पुढे केला. तुम्ही दही दिलेत आणि आपली अडचणही सांगितलीत, आडपडदा न ठेवता. जिन्यासमोरची चार फरशांची जागा आपल्या दोघींची. कुत्रा दारातून बाहेर येणार, अंगाला घासणार. केस लागले तर झटकता येतात. लाळ लागली, तर मात्र कपडे बदलल्याशिवाय तुम्हाला नमाज पढता येणार नाही. "आणि आपल्या नळाला पाणी कधी येतं, तुला ठाऊक आहे. रोज रोज कपड्यांचा जोडा बदलून धुवायला मी काय नाथसागर धरणात राहते?"

माझ्या वडिलांचा पाचोडहून आलेला आक्षेप याच्या अगदी उलट होता. ते फोनवर म्हणाले होते, "कुत्रं रानात राखणीला असतंय. तिथं तिसऱ्या मजल्यावर कशाची राखण करणार ते, वॉशिंग मशीनची?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज मला वाटली नाही. तुमचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतला. कारण त्यात श्रद्धा होती, पाणी होते आणि मोजता येईल असा एक गुणही होता. कुत्र्यांच्या जातीजातींत लाळेचे प्रमाण बदलते. ज्यांचे ओठ सैल लोंबतात त्यांची गळते, ज्यांचे घट्ट मिटतात त्यांची सहसा गळत नाही. फ्लॅटसाठी कुत्रा निवडताना लोक आपल्या घराचा आकार पाहतात. समोरच्या दाराचा विचार करायचा असतो, हे मला तुमच्यामुळे सुचले. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, "कोरड्या तोंडाचा कुत्रा आणला तर?"

तुम्ही हसलात. "आधी दाखव तरी."

मग आपली ती वरात सुरू झाली. गाडीत तुम्ही पुढे बसायच्या, पर्स मांडीवर, जणू शाळा तपासणीला निघालेल्या. जालना रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या विक्रेत्याने कूलरसमोर बसवलेला हस्की दाखवला. बाहेर मे महिना. निळ्या डोळ्यांचा तो बिचारा जीव धापा टाकत होता आणि विक्रेता त्याच्या रुबाबाचे वर्णन करत होता. तुम्ही शांतपणे विचारलेत, "याला उन्हाळ्यात म्हैसमाळच्या गारव्यात नेऊन बांधायचं काय?" लॅब्रॅडॉरने तर पहिल्याच भेटीत माझ्या हातावर लाळेची तार सोडली. तुम्ही दोन पावले मागे सरकलात. "हा नळ आहे. याला पाण्याच्या टाकीवर बसव, सगळ्या सोसायटीचं भागेल." पांढऱ्या, कापसाच्या बोळ्यासारख्या पॉमेरेनियनवर मी भाळले होते. मात्र आपण तिथे होतो तोवर तो एकदाही गप्प बसला नाही. गाडीत बसल्यावर तुम्ही निकाल दिलात, "हा आला तर आपल्या मजल्यावर अजानही ऐकू यायची नाय अन् आरतीही."

तेव्हा मला तुमची चेष्टा कधी कधी झोंबायची. आज त्या रविवारांची आठवण काढताना जाणवते, की कुत्रा न मिळाल्याचे दुःख मला एकाही रविवारी झाले नव्हते.

भुंकण्याच्या प्रयोगाची कल्पना मात्र पूर्णपणे माझी. कोणता आवाज भिंतीतून किती जातो, हे कुत्रा आणण्यापूर्वीच कळावे म्हणून मी निरनिराळ्या जातींची भुंकणी इंटरनेटवरून मिळवली. रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये स्पीकर लावला. तुम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात, दार लावून, उभे केले. मी फोनवरून विचारत होते, तुम्ही सांगत होतात: "हा आला. हाही आला. हा तर माझ्या कढईत येऊन बसला." प्रयोग उत्तम चालला होता. प्रयोगशाळेत मी नियंत्रित परिस्थितीला फार जपते; इथे इमारतीत आणखी वीस-बावीस कुटुंबे राहतात, एवढीच गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. खालच्या मजल्यावरचे बाळ रडू लागले. वॉचमन काठी घेऊन धावत वर आला. संध्याकाळी सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय: तिसऱ्या मजल्यावरची कुत्री तातडीने हलवणे.

मी खुलासा करायला उठले, तेवढ्यात तुम्ही माझा हात दाबून मला खाली बसवलेत.

"कोणती कुत्री, साहेब? काळी की पांढरी?"

"ते... चार-पाच तरी असतील. आवाज सगळ्यांनी ऐकलाय."

"पाहिलीत किती जणांनी?"

कुणीच पाहिली नव्हती. सेक्रेटरी जरा वरमले, मग समजुतीच्या सुरात तुम्हाला म्हणाले, "बाजी, खरं तर पहिली तक्रार तुमचीच यायला पाहिजे होती. तुमच्यात तर कुत्रं..."

"माझं मी बघते. तुम्ही लिफ्टमधला दिवा बघा, दिवाळीपासून गेलाय."

सभा हशात संपली. वर येताना, अंधाऱ्या लिफ्टमध्ये, तुम्ही म्हणालात, "आता आणावंच लागेल एखादं. नसलेल्या कुत्र्यासाठी भांडले मी."

इतके दिवस तुम्ही परीक्षक होतात. त्या लिफ्टमध्ये तुम्ही माझ्या बाजूच्या झालात, हे माझ्या लक्षात आले होते आणि त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. 'थँक यू, खाला' असे काहीतरी मी पुटपुटले असेन. ते पुरेसे नव्हते.

आपले खरे भांडण त्यानंतर झाले आणि ते लाळेवरून किंवा भुंकण्यावरून नव्हते. मी एका ठिकाणी पिल्लू जवळजवळ नक्की केले होते. तुम्ही तुळतुळीत पॉलिश केलेल्या तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होतात.

"पिल्लू किती वर्षं जगतं?"

"दहा-बारा. काळजी घेतली तर जास्तही."

"अन् तू इथं किती वर्षं आहेस?"

हैदराबादचे मी सगळ्या मजल्याला अभिमानाने सांगितले होते. ती जागा मिळावी म्हणून मी पाच वर्षे राबले आहे आणि ती सोडण्याचा विचार मला क्षणभरही मान्य नव्हता. मी म्हणाले, "सोबत नेईन."

"होस्टेलात?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"प्रयोगशाळेत असं म्हणतेस का? बाटलीत काय होईल ते तेव्हाचं तेव्हा बघू?"

मी चिडले. तुम्ही माझ्या पुढे जाण्याच्या आड येत आहात, एकट्या पडाल म्हणून मला अडवत आहात, असे मी बोलले. तुम्ही शेंगांची परात उचललीत आणि आत गेलात. त्यानंतर कित्येक दिवस लिफ्टचा आवाज झाला तरी तुमच्या दाराची कडी वाजली नाही. एरवी मी कामावरून आले, की ती हमखास वाजायची. दार वीतभर उघडायचे आणि "आलीस?" एवढाच प्रश्न यायचा. मी "आले" म्हणायचे आणि आपापली दारे लागायची. ते दोन शब्द नसलेल्या त्या संध्याकाळी किल्ली फिरवून मी घरात शिरायचे, तेव्हा घर दुप्पट मोठे वाटायचे.

अबोला तुम्हीच मोडलात. पहाटे माझी बेल वाजली. "मोटार लाव, पाणी आलंय." मी बटण दाबून वळते तो तुम्ही चौकटीत उभ्याच. "पिल्लूच कशाला पाहिजे? मोठं घे. वयाचं."

मी काही बोलण्याआधीच तुम्ही शिक्षिकेच्या आवाजात समजावू लागलात. "पहिलीत आलेलं पोरगं कसं निघंल, कुणाच्या बापाला सांगता येत नाय. सातवीत दाखला घेऊन आलेलं पोरगं दारात उभं राहिलं तरी कळतंय. भांडकुदळ आहे, लाजरं आहे, पोट भरलेलं आहे की नाय, सगळं."

मी इतके वाचले होते. आकार, केस, उष्णता सहन करण्याची क्षमता, व्यायामाची गरज, सारे तपासले होते. आणि या सर्वांच्या मुळाशी एक गृहीतक न तपासता ठेवले होते, की सुरुवात पिल्लापासूनच करायची. पिल्लाचा स्वभाव अंदाजाने ठरवावा लागतो, प्रौढ कुत्र्याचा डोळ्यांनी पाहता येतो. फ्लॅटला हवा असलेला शांतपणा तर वयानेच येतो. भांडण बाजूला ठेवून मी तुम्हाला चहाला आत बोलावले, हेच माझे माफी मागणे होते. तुम्ही साखर जास्त घालायला सांगितलीत, हे तुमचे माफ करणे असावे.

कन्नड तालुक्यातली निम्मी गावे तुम्ही शिकवलेली. दोन फोन केलेत आणि दत्ता सापडला.

त्याच्या अंगणातला तो दिवस मी जपून ठेवला आहे. लिंबाखाली तांबूस रंगाची, कान अर्धे दुमडलेली एक कुत्री पडून होती. कोणत्याही पुस्तकात तिची जात नाही. मी तिच्या मागे स्टीलचे ताट आपटले. तिने मान वळवून पाहिले, ताटाची दखल घेतली आणि पुन्हा पडली. तिच्यासमोरून कोंबड्या गेल्या, पोरे गेली, मोटारसायकल गेली. तुम्ही खुर्चीवर, पदर आवरून, अंतर राखून बसला होतात.

"नाव काय?"

"बिजली, मॅडम."

"ही बिजली?"

"बारीक होती तवा लई पळायची."

"आता लोडशेडिंग चालू आहे."

दत्ता हसला. टक्कल पडलेला, नातू असलेला माणूस शाळकरी पोरासारखा तोंडावर हात धरून हसला. मग तुमच्या आज्ञेवरून मी बिजलीचे तोंड तपासले. ओठ घट्ट, कडा कोरड्या. तिने माझा हात हुंगला आणि चाटला नाही. मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही मान हलवलीत, पहिला क्रमांक जाहीर करावा तशी.

परत येताना दौलताबादजवळ पेरू घ्यायला थांबलो. पेरूला तिखटमीठ लावून घेत तुम्ही सहज म्हणालात, "तू जा हैदराबादला. ती माझ्याकडं राहील."

"तुमच्याकडे? नमाजाची खोली..."

"ती बंद ठेवीन. बाकी घर रिकामंच तर आहे."

"सलीमभाई काय म्हणतील?"

"माझ्या लेकाला व्हिडिओवर माझं फक्त कपाळ दिसतं. कुत्री कुठं दिसतेय?"

मी भारावून गेले होते आणि भारावले, की मी हिशेबाच्या भाषेत बोलते. मी म्हणाले, की आता सगळे जुळले. बिजलीचे वय माहीत आहे, माझी वर्षे माहीत आहेत आणि तुम्ही स्थिरांक आहात.

"स्थिरांक म्हणजे?"

"ज्याची किंमत बदलत नाही तो."

तुम्ही पेरूची फोड चावत खिडकीबाहेर पाहिलेत. "मग मी नाय, बाबा," म्हणालात आणि दुसरी फोड माझ्यापुढे केलीत.

यावर मी काही विचारायला हवे होते का? दुखते आहे का, दम लागतो आहे का, डॉक्टरांकडे गेला होतात का? मला खरेच ठाऊक नाही. तुमच्या आवाजात तेव्हा काहीच नव्हते, फक्त तुमची नेहमीची दुरुस्ती होती. विद्यार्थ्याच्या वहीतला चुकीचा शब्द खोडावा तशी.

ज्या सकाळी तुम्ही उठला नाहीत, त्या सकाळी मी घाईत होते, जिन्याने उतरले. दुपारी कामावर फोन आला. तुम्हाला नेले तेव्हा मी आपल्या त्या चार फरशांवर उभी होते. नंतर बायकांमध्ये बसले. सलीमभाईंची बायको, रुखसाना, पाहुण्यांना पाणी देता देता मध्येच थांबली आणि हॉलच्या पडद्यांकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "अम्मीने परदे इतने ऊँचे क्यों करवाए? नए थे, जमीन तक आते थे."

पडदे जमिनीपासून चांगले वीतभर वर दुमडून शिवलेले होते. शिलाई ताजी होती. सोफ्यावर धुवायला सोपी अशी सुती खोळ होती. नमाजाच्या खोलीला खाली लाकडाची पट्टी लावून घेतली होती, फट राहू नये म्हणून. त्या घरात येणाऱ्या पाहुणीसाठी तुम्ही कधी तयारी सुरू केलीत, मला सांगितलेही नाहीत. मी रुखसानाला सांगू लागले आणि वाक्य पुरे करू शकले नाही. सलीमभाईंनीच ते पुरे केले. "वो कुत्तीवाली बात सच थी? अम्मी फोनवर म्हणत होती. मला वाटलं, मजाक करतेय."

दत्ताने दिलेले दोन दिवस मी पर्याय मांडण्यात घालवले. नकार देणे सर्वांत तर्कसंगत होते: मी दिवसभर बाहेर असते, सांभाळणारे दुसरे घर उरले नाही, वर्षभरात शहर बदलायचे आहे. हैदराबाद सोडणे हा दुसरा पर्याय. तो मी मांडला आणि खोडला. तुम्हीही खोडला असता. पेरू खाताना तुम्ही मला "जा" म्हणाला होतात. राहिला तिसरा, तिला सोबत नेण्याचा, ज्याला मी "तेव्हाचं तेव्हा" म्हणाले होते आणि ज्यावरून तुम्ही मला वर्गाबाहेर काढले होते. यावेळी तो "तेव्हा"वर टाकायचा नव्हता. दुपारी बिजलीकडे येऊन बसायला खालच्या मजल्यावरच्या त्या बाळाची आजी तयार झाली. पुढचे उत्तर मी कन्नडला जाताना, वाटेत, पक्के केले.

काल दत्ताने बिजलीच्या गळ्यातली दोरी सोडण्याआधी मला नीट विचारले. "किती दिवस ठिवणार, ताई? खरं सांगा. मॅडम होत्या तवा मला घोर नव्हता."

"ती आहे तोवर."

"अन् हैदराबाद?"

"तिथंही."

त्याने दोरी माझ्या हातात दिली आणि गोठ्याकडे निघून गेला. बिजली गाडीत चढेना. तिला उचलून मागच्या सीटवर ठेवले.

आणि खाला, खुलताबादच्या घाटात तुमच्या बिजलीला गाडी लागली. पहिल्या वळणावर तिच्या त्या घट्ट, कोरड्या, तुम्ही पहिला क्रमांक दिलेल्या तोंडातून लाळेची धार सुरू झाली, ती दौलताबाद येईपर्यंत थांबली नाही. सीट भिजली, माझी ओढणी भिजली. आपण इतके कुत्रे पाहिले आणि एकालाही घाटातून फिरवून आणले नव्हते. मी गाडी कडेला घेतली आणि एकटीच खूप वेळ हसले. तुम्ही गेल्यापासून मला रडू आले नव्हते. ते हसता हसता आले. बिजली मागून, लाळ गाळत, माझ्याकडे बघत होती.

आज सकाळी मी हैदराबादच्या संस्थेत फोन केला. वसतिगृहातली खोली मला नको, बाहेर राहायची सोय करता येईल का, असे विचारले. पलीकडच्या बाईंनी सौजन्याने विचारले, "फॅमिली सोबत येणार आहे का?"

मी 'हो' म्हणाले.

"कोण?"

"घरातलंच आहे. वय झालंय, जिना जमत नाही."

"थांबा, लिहून घेते," त्या म्हणाल्या. "तळमजला बघू."